अटलांटिकवरच्या जर्मन आगबोटी : मान कैसरचा, भाडे स्थलांतरितांचे

नांगरवाडी :

१८९७च्या सप्टेंबरात ‘कैसर विल्हेल्म डेर ग्रोसे’ ही बोट ब्रेमरहाफनहून न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीवर निघाली, तेव्हा दोन-दोनच्या जोड्यांनी उभी असलेली तिची चार धुराडी हा बघ्यांच्या कौतुकाचा विषय झाला होता. जुन्या ‘ग्रेट ईस्टर्न’चा अपवाद सोडला तर चार धुराड्यांची प्रवासी बोट अटलांटिकने तोवर पाहिली नव्हती. लांबी सुमारे दोनशे मीटर, टनभार १४,३४९, आणि बांधणी श्टेटिनच्या फुलकान गोदीतली, म्हणजे पूर्णपणे जर्मन. पुढच्याच वर्षी, १८९८च्या मार्चमध्ये, तिने सरासरी २२.२९ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने अटलांटिक ओलांडला आणि सर्वांत वेगवान बोटीला मिळणारा ‘निळ्या फिती’चा मान जर्मनीकडे आणला. ब्रिटनच्या क्युनार्ड कंपनीच्या ‘कॅम्पेनिया’ आणि ‘ल्युकेनिया’ या जोडीला तो धक्का मोठा होता. त्यानंतर १९०७पर्यंत पश्चिमेकडच्या प्रवासातला हा मान जर्मन बोटींकडेच राहिला. १९००मध्ये हॅम्बुर्गच्या ‘डॉइचलांड’ने, १९०२मध्ये ब्रेमेनच्या ‘क्रोनप्रिंट्स विल्हेल्म’ने आणि १९०३मध्ये पुन्हा ‘डॉइचलांड’ने तो मिळवला. म्हणजे ब्रेमेन आणि हॅम्बुर्ग ही दोन जर्मन बंदरेच तो एकमेकांकडून हिसकावून घेत होती.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण तिची सुरुवात १८८९च्या ऑगस्टपासून करतात. इंग्लंडच्या स्पिटहेड येथे आरमाराची पाहणी होती, तीस वर्षांचा कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म आजीच्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या, पाहुणचाराला आला होता, आणि तेथे त्याला व्हाइट स्टार कंपनीची नवी ‘ट्यूटॉनिक’ दाखवण्यात आली. ही प्रवासी बोट युद्धकाळात तोफा चढवून क्रूझर म्हणून वापरता येईल अशा बेताने बांधली होती. कैसरने ती बारकाईने पाहिली, असल्या बोटी आपल्याकडेही हव्यात हे त्याने मनावर घेतले, आणि आठ वर्षांनी त्याच्या आजोबांच्या नावाची बोट पाण्यात उतरली, असा हा पाठ आहे. तो खोटा नाही, पण माझ्या मते तो अपुरा आहे, आणि या लेखनाचे कारणही तेच आहे.

राजाला हौस असली म्हणून बोट बांधून होत नाही. हॅम्बुर्गची ‘हापाग’ कंपनी १८४७ची आणि ब्रेमेनची ‘नॉर्डडॉइचर लॉइड’ १८५७ची, म्हणजे दोन्ही कंपन्या जर्मन साम्राज्याहूनही वयाने मोठ्या. दोन्ही खासगी होत्या, भागधारकांना जबाबदार होत्या आणि नफ्यासाठी चालत होत्या. त्यांच्या आरंभीच्या चांगल्या बोटी स्कॉटलंडच्या गोद्यांत बांधल्या जात. लॉइडची १८८१ची नामांकित ‘एल्बे’ ग्लासगोजवळच्या गोव्हानची होती. जर्मन गोद्यांना मोठ्या प्रवासी बोटी बांधण्याचा सराव मिळाला तो १८८५च्या टपालबोटींच्या कायद्यामुळे. पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियाला टपाल नेण्यासाठी सरकारने लॉइडला अनुदान दिले, पण त्यासाठीच्या नव्या बोटी जर्मन गोदीतच बांधल्या पाहिजेत अशी अट घातली. फुलकानचे कारागीर त्या कामावर तयार झाले. अटलांटिकच्या मार्गाला मात्र असे अनुदान नव्हते. तेथे बोटीने स्वतःचा कोळसा स्वतः कमवायचा होता.

तो कोळसा कोण भरत होते? पहिल्या वर्गाची दालने, सोनेरी मुलामा आणि रंगवलेली छते छायाचित्रांत येतात, म्हणून ती बोट श्रीमंतांच्या पैशावर चालत असावी असे वाटते. त्या चार धुराड्यांच्या बोटीतही हजाराहून अधिक प्रवासी तळच्या, तिसऱ्या वर्गाचे असत, आणि साध्या, मंद बोटींवर तर त्यांचे प्रमाण याहून कितीतरी जास्त असे. १८९०नंतर जर्मनीतून अमेरिकेला जाणाऱ्यांचा ओघ ओसरला, कारण देशातच कारखान्यांत काम मिळू लागले. त्यांची जागा रशियन साम्राज्यातल्या आणि ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या लोकांनी घेतली. हिंसाचाराला कंटाळलेले ज्यू, जमिनीचा तुकडा न पुरणारे पोलिश आणि स्लोव्हाक शेतकरी, लिथुआनियाचे तरुण असे हे लोक होते. नकाशा उघडून पाहावा : या सर्वांना समुद्र गाठायचा तर आगगाडीने जर्मनी ओलांडावी लागत होती. इंग्लंडच्या कंपन्यांकडे कितीही चांगल्या बोटी असल्या तरी गिऱ्हाईक ज्या रस्त्याने येणार तो रस्ता जर्मनांच्या अंगणातून जात होता. जर्मन उदयाचे मूळ कैसरच्या हौसेपेक्षा या रस्त्यात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आणि हा रस्ता ज्याने सर्वांत आधी ओळखला तो माणूस म्हणजे आल्बर्ट बालीन. १८५७मध्ये हॅम्बुर्गच्या बंदराकाठी एका गरीब ज्यू कुटुंबात तेरावे अपत्य म्हणून त्याचा जन्म झाला. वडिलांची स्थलांतरितांना तिकिटे विकण्याची छोटी पेढी होती, वडील वारल्यावर किशोरवयातच तो तिच्या कामात पडला, आणि हापागशी स्पर्धा करून तिला इतके जेरीस आणले की १८८६मध्ये हापागने त्यालाच प्रवासी विभागाचा प्रमुख म्हणून बोलावून घेतले. १८९९मध्ये तो कंपनीचा महासंचालक झाला. मालवाहू बोटीच्या डेकाखाली माणसे कशी बसतात, काय खातात आणि कशाला घाबरतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

बंदररोड :

लेखन आवडले. एका बाबतीत मात्र मी सहमत होऊ शकत नाही. आपण कैसरला फार सहज बाजूला सारले आहे. १८९८ आणि १९००चे आरमारविषयक कायदे, आरमारमंत्री टिर्पिट्झची युद्धनौकांची बांधणी आणि या प्रवासी बोटी हे एकाच धोरणाचे धागे नव्हेत काय? ‘कैसर विल्हेल्म डेर ग्रोसे’, ‘क्रोनप्रिंट्स’, ‘कैसर विल्हेल्म दुसरा’, ‘क्रोनप्रिंत्सेसिन सेसिली’ ही नावेच पाहा. सारे राजघराणे समुद्रावर उतरवले होते. या बोटींत तोफा बसवण्याची सोयही आधीपासून केलेली होती. इंग्रजांनी घाबरून जावे असेच ते सारे होते, आणि ते घाबरलेही.

मधली पाळी :

मी तीस वर्षे व्यापारी बोटींच्या इंजिन रूममध्ये काढली, म्हणून राजकारण बाजूला ठेवून यंत्रांबद्दल लिहितो, कारण ही स्पर्धा जिंकली आणि हरली गेली ती तळाशीच.

या सगळ्या जर्मन शर्यतीच्या बोटींत वर-खाली चालणाऱ्या दट्ट्यांची वाफेची इंजिने होती. एकच वाफ पाठोपाठ मोठ्या होत जाणाऱ्या सिलिंडरांतून फिरवायची आणि तिच्यातला शेवटचा जोर काढून घ्यायचा, ही त्यांची रीत. दोन-तीन माणसांच्या उंचीचे दांडे मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा खाली-वर होत असतील, तेव्हा त्यांचे हिसके कुठेतरी जाणारच. ओटो श्लिक नावाच्या जर्मन अभियंत्याने हे हिसके एकमेकांना मारतील अशा रीतीने क्रँक मांडण्याची पद्धत काढली होती, आणि ‘कैसर विल्हेल्म डेर ग्रोसे’मध्ये तिचा उपयोग केला होता. ‘डॉइचलांड’मध्ये मात्र वेगासाठी यंत्रे आणखी वाढवली आणि सारे बिघडले. पूर्ण वेगात बोटीचा मागचा भाग असा थरथरे की पहिल्या वर्गाचे उतारू तक्रार करत. १९०२मध्ये तर तिचे सुकाणू आणि मागच्या चौकटीचा भाग भर समुद्रात तुटून गेला. निळी फीत मिळूनही हापागला ती बोट कधी सुखाची झाली नाही. दहा वर्षांनी तिची यंत्रे उतरवून, वेग कमी करून, तिला ‘व्हिक्टोरिया लुइझे’ या नावाने सहलीची बोट करावे लागले.

हा कंप म्हणजे काय असतो ते ज्याने पायाखाली अनुभवले नाही त्याला सांगणे कठीण आहे. आमच्या डिझेल इंजिनांच्या फेरे मोजणाऱ्या तबकडीवर एक लाल पट्टा रंगवलेला असे. त्या पट्ट्यातल्या फेऱ्यांवर इंजिन रेंगाळू द्यायचे नाही, झटकन पलीकडे न्यायचे, हा नियम शिकाऊ उमेदवाराला पहिल्या दिवशी सांगत. काटा त्या पट्ट्यातून जाताना जाळीच्या पायवाटा झणझणत, टेबलावरचा चहाचा ग्लास आपोआप कडेकडे सरकू लागे, आणि पट्टा ओलांडला की सगळे शांत. ‘डॉइचलांड’च्या उतारूंना पाच-सहा दिवस त्या लाल पट्ट्यात राहावे लागत असेल, असे मी मनाशी धरतो.

आता योगायोग पाहा. ज्या १८९७ साली जर्मनांनी चार धुराड्यांची बोट पाण्यात आणली, त्याच वर्षी जूनमध्ये, राणीच्या हीरकमहोत्सवी आरमार पाहणीत, चार्ल्स पार्सन्सने आपली चिमुकली ‘टर्बिनिया’ युद्धनौकांच्या रांगांमधून तीस नॉटांहून अधिक वेगाने पळवून दाखवली, आणि तिला पकडायला पाठवलेल्या बोटी मागे पडल्या. तिच्यात दट्ट्ये नव्हते, वाफेवर फिरणारे टर्बाइन होते. दहा वर्षांनी क्युनार्डने हेच टर्बाइन ‘ल्युसिटानिया’ आणि ‘मॉरिटानिया’मध्ये बसवले आणि निळी फीत परत नेली. ‘मॉरिटानिया’ची शक्ती सत्तर हजार अश्वशक्तीच्या घरात होती. दट्ट्यांच्या यंत्राने तेथवर जायचे म्हटले असते तर बोटीत यंत्राशिवाय दुसरे काही मावले नसते. म्हणजे जर्मनांनी एका जुन्या तंत्राचे शिखर गाठले, आणि तेवढ्यात डोंगरच बदलला. (टर्बाइन आले म्हणून कंप संपला असेही नाही. ‘ल्युसिटानिया’चा मागचा भागही चाचणीत इतका थरथरला की आतून मजबूत करावा लागला.)

आणखी एक. ‘कैसर विल्हेल्म डेर ग्रोसे’ दिवसाला सुमारे पाचशे टन कोळसा खाई. हा कोळसा फावड्याने बंबात टाकणारी माणसे चार तास काम आणि आठ तास विसावा अशा पाळ्यांनी राबत. बंबांच्या दोन रांगांमधला उष्मा सहन न होऊन समुद्रात उडी घेतलेल्या आगवाल्यांच्या नोंदी सगळ्याच देशांच्या बोटींवर सापडतात. नांगरवाडी यांनी भाड्याचा हिशेब मांडला, त्यात ही माणसेही धरावीत अशी विनंती आहे.

नांगरवाडी :

मधली पाळी साहेब, मनापासून आभार. आगवाल्यांचा उल्लेख माझ्याकडून राहिला होता, तो राहायला नको होता.

बंदररोड, आपला आक्षेप रास्त आहे, पण तपशील पाहिला तर चित्र उलटे दिसते. सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर ओतला तो ब्रिटनने. १९०२मध्ये अमेरिकन धनको जे. पी. मॉर्गन याने अटलांटिकवरच्या कंपन्यांची मोठी मोट बांधली आणि व्हाइट स्टारसुद्धा विकत घेतली. इंग्लंडमध्ये हलकल्लोळ झाला. क्युनार्ड तरी आपल्या हाती राहावी म्हणून सरकारने तिला दोन बोटींसाठी २६ लाख पौंड अवघ्या पावणेतीन टक्के व्याजाने कर्ज दिले आणि वर दरसाल दीड लाख पौंडांचे अनुदान बांधून दिले. ‘ल्युसिटानिया’ आणि ‘मॉरिटानिया’ या त्या दोन बोटी. त्या मॉर्गनशी बालीनने काय केले? लढाई केली नाही, करार केला. मॉर्गनने जर्मन बंदरांत हात घालायचा नाही आणि जर्मनांनी त्याच्या वाटेला जायचे नाही, असे दोघांनी ठरवून घेतले.

बालीनची सगळी रीतच अशी होती. १८९२मध्ये त्याच्याच पुढाकाराने हापाग, लॉइड, हॉलंडची आणि बेल्जियमची कंपनी यांनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे टक्के ठरवून वाटून घेतले होते. वर्तमानपत्रे राष्ट्राराष्ट्रांची शर्यत रंगवत होती आणि त्याच वेळी कंपन्यांचे संचालक एका टेबलाभोवती बसून कोणी किती माणसे न्यायची हे ठरवत होते. हा समझोता मोडला की काय होते ते १९०४मध्ये दिसले. क्युनार्डने हंगेरी सरकारशी परस्पर करार करून एड्रियाटिक समुद्रावरच्या फ्यूमे बंदरातून स्थलांतरित नेण्यास सुरुवात केली, म्हणजे जर्मनांच्या अंगणाला वळसाच घातला. लगेच दरयुद्ध पेटले आणि तिसऱ्या वर्गाचे भाडे कोसळले. इतक्या मोठ्या कंपन्या कशासाठी झगडल्या? फ्यूमेच्या धक्क्यावर गाठोडे घेऊन उभ्या असलेल्या हंगेरियन शेतमजुरासाठी. बोटीचे अर्थकारण कोणाच्या खांद्यावर उभे होते त्याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

एल्बकाठी :

मी बरीच वर्षे हॅम्बुर्गमध्ये राहते. एल्बे नदीच्या दक्षिणेला फेडल नावाचा भाग आहे. बालीनने १९०१मध्ये तेथे स्थलांतरितांसाठी स्वतंत्र वसाहत बांधली. मूळ इमारती आज नाहीत, पण त्यांपैकी तीन तशाच विटांच्या पुन्हा उभारून २००७मध्ये तेथे संग्रहालय केले आहे. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तेथे नेते.

ती वसाहत का बांधली याची कथा भीषण आहे. १८९२च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गला कॉलऱ्याने गाठले. शहर एल्बेचे पाणी न गाळता नळांना सोडत होते. शेजारीच लागून असलेल्या आल्टोना शहरात वाळूतून गाळलेले पाणी होते, आणि तेथे रोगाचे प्रमाण फार कमी राहिले. काही ठिकाणी तर रस्त्याच्या एका बाजूला प्रेते आणि दुसऱ्या बाजूला सुखरूप घरे अशी स्थिती होती. काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून अधिक माणसे गेली. रॉबर्ट कॉख तपासणीला आले. हे तेच कॉख, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिला होता. दोष मात्र रशियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांवर ढकलला गेला. अमेरिकेने स्थलांतरित आणणाऱ्या बोटींना वीस दिवस अडवून ठेवण्याचा हुकूम काढला, हापागच्या ‘मोराविया’, ‘नॉर्मानिया’ आणि ‘रुगिया’ न्यूयॉर्कबाहेर अडकून पडल्या, आणि कंपनीचा धंदा बुडायची वेळ आली.

यातून बालीनने जो धडा घेतला तो व्यापारी होता आणि माणुसकीचाही. सरहद्दीवर तपासणी नाकी उभारली गेली. तेथे गाडीतून उतरवून लोकांची वैद्यकीय तपासणी, अंघोळ आणि कपड्यांचे निर्जंतुकीकरण होई. मग बंद गाड्यांतून त्यांना फेडलला आणत. आवाराचे दोन भाग होते, एक ‘अशुद्ध’ आणि एक ‘शुद्ध’, आणि तपासणी झाल्याखेरीज पहिल्यातून दुसऱ्यात जाता येत नसे. शुद्ध भागात झोपण्याच्या खोल्या, भोजनगृह, ज्यूंसाठी त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे वेगळा स्वयंपाक, प्रार्थनास्थळे, इतकेच काय, वाजंत्रीसुद्धा होती. १९०७च्या विस्तारानंतर तेथे एका वेळी सुमारे पाच हजार माणसे राहू शकत. अमेरिकेत एलिस बेटाच्या तपासणी नाक्यावर नाकारलेल्या माणसाला परत आणण्याचा खर्च कंपनीच्या माथी येत असे, म्हणून डोळ्यांची खुपरी असलेला मनुष्य इकडेच थांबवणे कंपनीच्या फायद्याचे होते, हेही खरेच. तरीही चिखलातल्या खाणावळींत लुबाडले जाणाऱ्या माणसाला स्वच्छ अंथरूण आणि गरम सूप मिळाले, याचे मोल मी कमी लेखणार नाही.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतात त्या प्रवासी याद्या. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० ते १९३४ अशा जवळजवळ सलग टिकल्या आहेत. ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून तेथल्या कचेरीनेच नष्ट केल्या आणि उरलेल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. एका पानावर माझी नजर अडकली होती. वळणदार जुन्या जर्मन लिपीत नाव, वय, धंदा, गाव, जायचे ठिकाण असे रकाने. एका ओळीत शिंपी, वय बत्तीस. त्याच्याखाली बायको, आणि तिच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात एक आडवी रेघ. मग चार मुले, सर्वांत धाकट्याचे वय महिन्यांत लिहिलेले. प्रत्येक ओळीत त्याच शाईची तीच रेघ ओढत कारकून खाली खाली गेला आहे, आणि पानाच्या शेवटी डोक्यांची बेरीज आहे. नांगरवाडी म्हणतात तो हिशेब मी त्या बेरजेत पाहिला.

गोदीतळ :

बालीन आणि मॉर्गनवरून आपल्याकडचे एक खरे उदाहरण आठवले. दरयुद्ध हे हत्यार आपल्या माणसांवरही चालवले गेले आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींबरोबर १९१९मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्यांची पहिली बोट ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ही ‘लॉयल्टी’ मुळात कॅनडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे पॅसिफिकवरची जुनी नामांकित प्रवासी बोट. ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेऊन युद्धात इस्पितळबोट म्हणून दिली होती. कंपनीचे नावही त्यांच्यावरूनच आले. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणले, आणि १९२३च्या कराराने तिला किनारी मालवाहतुकीपुरते बांधून ठेवले. बालीनला टेबलाशी बसवून टक्के मिळाले, कारण त्याच्या मागे स्वतंत्र राष्ट्र होते आणि हाती रस्ता होता. वालचंदांकडे यांतले काहीच नव्हते.

बंदररोड :

सर्वांचे आभार. माझे मत पूर्ण बदलले नाही, पण मोठ्या बोटींविषयी विचारायचे आहे. निळी फीत गेल्यावर जर्मनांनी ती परत का मिळवली नाही? आणि हापागच्या ‘इम्पेराटोर’ या बोटीवर तो गरुड कशासाठी होता?

नांगरवाडी :

बालीनने शर्यत सोडून दिली, आणि माझ्या मते तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय होता. ‘डॉइचलांड’ने त्याला शिकवले होते की शेवटच्या दोन नॉटांसाठी कोळसा दुपटीच्या दिशेने जातो आणि उतारूला त्यातून चार-सहा तासच मिळतात. १९०५ची त्याची ‘अमेरिका’ तर त्याने बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फकडून बांधून घेतली, म्हणजे शत्रुराष्ट्र म्हणवणाऱ्या देशातच. तिच्यात उद्वाहक होता आणि रिट्झच्या नावाचे स्वतंत्र उपाहारगृह होते. वेग मध्यम, आराम भरपूर आणि पोटात तिसऱ्या वर्गाला ऐसपैस जागा.

याच विचाराची टोके म्हणजे तीन महाबोटी. ‘इम्पेराटोर’ १९१२च्या मेमध्ये पाण्यात उतरली, टनभार ५२ हजारांवर. ‘फाटरलांड’ १९१३ची, ५४ हजारांवर. ‘बिस्मार्क’ २० जून १९१४ची, ५६ हजारांवर. क्युनार्डची ‘अ‍ॅक्विटानिया’ लांबीत सरस ठरू नये म्हणून ‘इम्पेराटोर’च्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ब्राँझचा गरुड बसवला, आणि अटलांटिकच्या वादळाने एका हिवाळ्यातच त्याचे पंख तोडून नेले. ती बोट वरून जड होती, झुके आणि लवकर सावरत नसे. पहिल्याच वर्षात तिची धुराडी तीन मीटरने कापावी लागली, वरचे संगमरवर काढावे लागले आणि तळात हजारो मण सिमेंट ओतावे लागले. ‘फाटरलांड’मध्ये ही चूक सुधारली. धुराची नळकांडी बाजूंनी वर नेल्यामुळे मधोमध एकापुढे एक दालने सलग उघडी ठेवता आली, आणि अशी रचना पुढे फ्रेंचांनी ‘नॉर्मांडी’तही केली.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे या बोटी युद्धासाठी होत्या की नाही याकडे येतो. त्यांच्यावर तोफा चढल्या तेव्हा काय झाले ते पाहावे. ‘कैसर विल्हेल्म डेर ग्रोसे’ने युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत तीन बोटी बुडवल्या आणि २६ ऑगस्ट १९१४ला आफ्रिकेच्या रिओ दे ओरोजवळ कोळसा भरत असताना ‘हायफ्लायर’ या ब्रिटिश क्रूझरने तिला गाठले. तेथेच ती आडवी झाली. दिवसाला पाचशे टन खाणारे जनावर बंदराशिवाय जगू शकत नव्हते. ‘क्रोनप्रिंट्स विल्हेल्म’ आठ महिने समुद्रावर टिकली, ती पकडलेल्या बोटींतला कोळसा आणि धान्य काढून, आणि शेवटी खलाशी अपपोषणाने आजारी पडल्यावर अमेरिकेच्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये येऊन थांबली. ‘क्रोनप्रिंत्सेसिन सेसिली’ तर एक कोटी डॉलरांहून अधिक सोने घेऊन युरोपकडे निघाली होती. मध्यावर युद्धाची बातमी कळताच कप्तान पोलाकने ती वळवली, दिवे मालवले, धुराड्यांची टोके काळी रंगवून तिला व्हाइट स्टारच्या ‘ऑलिम्पिक’सारखे रूप दिले, आणि ४ ऑगस्टच्या सकाळी मेन राज्यातल्या बार हार्बर या सुट्टी घालवण्याच्या गावापुढे नांगर टाकला. गावकऱ्यांना खिडकीतून चार धुराडी दिसली. न्यूयॉर्कसमोर होबोकेनला अडकलेली ‘फाटरलांड’ अमेरिकेने १९१७मध्ये ताब्यात घेतली आणि ‘लेव्हायथन’ या नावाने तिच्यातून लाखाहून अधिक अमेरिकन सैनिक फ्रान्सला नेले. जर्मन आरमाराला या बोटींचा जो उपयोग झाला त्याहून अधिक उपयोग त्यांच्या शत्रूला झाला.

बालीनचा शेवट तर मला अस्वस्थ करतो. १९०८च्या आसपासपासून लंडनमधल्या अर्नेस्ट कॅसल या धनकोबरोबर तो दोन्ही सरकारांना आरमाराच्या स्पर्धेवर बोलायला बसवण्याची धडपड करत होता. १९१२च्या फेब्रुवारीत ब्रिटिश युद्धमंत्री हॉल्डेन बर्लिनला गेले त्यामागे या दोघांची खटपट होती. ती बोलणी फसली. चार वर्षांच्या युद्धात त्याची कंपनी संपली. ९ नोव्हेंबर १९१८ला, म्हणजे ज्या दिवशी कैसरने गादी सोडल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, झोपेच्या औषधांच्या अतिमात्रेने बालीन गेला. ‘इम्पेराटोर’ क्युनार्डची ‘बेरेंगारिया’ झाली आणि ‘बिस्मार्क’ व्हाइट स्टारची ‘मॅजेस्टिक’.

मधली पाळी :

पुरवणी जोडतो. १९२९मध्ये लॉइडची ‘ब्रेमेन’ आली तेव्हा तिच्यात टर्बाइन होते, आणि पाण्याखाली नाळेला फुगीर कंद होता, जो आज बहुतेक मोठ्या मालवाहू बोटींना असतो. जुलैतल्या पहिल्याच फेरीत ४ दिवस १७ तास ४२ मिनिटांत, २७.८३ नॉटांच्या सरासरीने, तिने ‘मॉरिटानिया’कडून निळी फीत घेतली. बावीस वर्षांनी ती परत आली होती. न्हावाशेवाच्या धक्क्यावर हापाग-लॉइडचे नारिंगी कंटेनर लागलेले पाहतो तेव्हा १९७०मध्ये दोन्ही जुने प्रतिस्पर्धी एकाच नावात आले हे आठवते.

एल्बकाठी :

बालीनच्या शेवटाविषयी वाचून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हापागने १९२३च्या नव्या प्रवासी बोटीला ‘आल्बर्ट बालीन’ हे नाव दिले होते. बोट हॅम्बुर्ग-न्यूयॉर्क मार्गावर चांगली चालली. १९३५मध्ये नाझी राजवटीत, तो ज्यू होता एवढ्याच कारणाने, ते नाव खरवडून ‘हान्सा’ असे लिहिले गेले. कंपनीच्या कचेरीसमोरच्या तळ्याकाठच्या रस्त्याला १९४७मध्ये ‘बालीनडाम’ नाव मिळाले आणि ते आजही आहे. बोटीला मात्र जुने नाव परत मिळाले नाही. ती १९४५मध्ये सुरुंगाने बुडाली, सोव्हिएतांनी वर काढून दुरुस्त केली, आणि ‘सोव्हिएत्स्की सोयूझ’ या नावाने पुढे अनेक वर्षे ती व्लादिव्होस्तोकहून प्रवासी नेत राहिली.